पंडिता रमाबाई : दुष्काळातून मुक्तीपर्यंत

पंडिता रमाबाई म्हटलं की मुलं 'शारदा सदन, केडगाव, मुक्ती' एवढं पाठ म्हणून दाखवतात. पण हे सगळं उभं करणाऱ्या बाईने स्वतः किती सोसलं होतं, ते सांगायचं राहूनच जातं.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष झाला, तेव्हा त्यांनी रानातच घर केलं. रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईने. पुढे घरची स्थिती खालावली आणि सगळं कुटुंब पुराणं सांगत तीर्थक्षेत्रांतून पायी फिरू लागलं. त्यातच दुष्काळ पडला. झाडाचा पाला खाऊन दिवस काढावे लागले. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा विशीच्याही झालेल्या नव्हत्या.

भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण 1880 मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात वेगळी असताना, लग्न केलं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच, फेब्रुवारी 1882 मध्ये, नवरा पटकीने गेला. पदरात मनोरमा. ती वर्षाचीही नव्हती.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथल्या जोगिणींनी त्यांना लंडनमधलं एक घर दाखवलं. समाजाने वाईट ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत होते. अशा बायकांसाठी कुणी काही करतं, हे रमाबाईंना नवीनच होतं. हे कशापायी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. ती गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. 1883 मध्येच त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त भेटला नव्हता, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. मनाला खरी शांती मिळायला आणखी काही वर्षं जावी लागली.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. विधवांना शिक्षण आणि निवारा देणारी ही शाळा. 1893 मध्ये मुली ख्रिस्ती होतायत अशी ओरड झाली, पालकांनी मुली काढून नेल्या, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांची धास्ती मला समजते. पण शारदा सदनातच शिकलेल्या गोदूबाईंशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं, हेही वर्गात सांगायला हवं.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींची बातमी ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. ती भूक त्यांच्या ओळखीची होती. मदतछावण्यांभोवती मुलींना फसवून नेणारे लोक फिरत होते, हेही त्यांनी पाहिलं. शेकडो मुली त्यांनी सोबत आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावला आधीच घेतलेल्या जमिनीवर त्यांना ठेवलं. सुरुवातीला तंबूतच. तेच पुढे मुक्ती सदन झालं. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळं या मुलीच चालवत. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवू लागली.

रमाबाईंना ऐकू कमी येत चाललं होतं. तरी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला वाचून समजेल अशा सोप्या मराठीत सगळं बायबल आणायला बसल्या. कितीतरी वर्षं हे काम चाललं. जुळारीही संस्थेतल्याच मुली.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. संस्था पुढे तीच सांभाळेल असं सगळे धरून चालले होते. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. रमाबाईंनी भाषांतराचं काम थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल त्यानंतर छापून बाहेर आलं.

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. मुक्ती मिशन तिथे आजही सुरू आहे.