गाडगेबाबा : दारूने पितृछत्र हिरावलेला लोकशिक्षक

हातात खराटा, अंगावर चिंध्यांची गोधडी आणि सोबत मातीचे गाडगे हे गाडगेबाबांचे रूप मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. त्यांनी जितक्या निष्ठेने गावे झाडली, तितक्याच निष्ठेने दारूविरुद्धही लोकांना जागे केले. या दुसऱ्या कार्याचे मूळ त्यांच्या बालपणात आहे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले. संसाराची वाताहत झाली, शरीर खंगले आणि १८८४ मध्ये त्यांचे निधन झाले. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन सखूबाई मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरगावी आल्या. तेथे डेबूजी गुरे राखू लागला आणि पुढे शेतात राबू लागला.

त्या काळी समाजातील कार्यप्रसंग मांस आणि दारू यांशिवाय पार पडत नसत. जन्म असो वा मरण, जातभाईंना पाजणे हे यजमानाचे कर्तव्य मानले जाई. पिणाऱ्याला सोडावेसे वाटले, तरी चार माणसांचा आग्रह त्याला पुन्हा पंगतीत ओढून नेई. १८९२ मध्ये डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. मुलीच्या बारशाला त्यांनी मांस व दारूला फाटा देऊन आप्तांना गोडधोड जेवण वाढले. जातीच्या रिवाजाविरुद्ध घरातूनच उचललेले हे पहिले पाऊल होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. दिवसा गाव झाडायचे, मिळेल ती भाकरी खायची आणि रात्री कीर्तन करायचे, असा क्रम पुढे अर्धशतक चालला. त्यांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत, संवादाच्या वळणाने चाले. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. कर्ज, नवस, पशुहत्या, अस्पृश्यता, मुलांचे शिक्षण आणि दारू हे त्यांचे विषय असत. ज्या चारचौघांच्या भिडेने माणूस प्यायला लागे, त्याच चारचौघांना एकत्र बसवून त्यांनी विचार करायला लावले. मात्र आपण कोणाचे गुरू नाही, असे ते निक्षून सांगत. कीर्तन संपले की पाया पडणाऱ्यांना चुकवून पुढच्या गावी निघून जात.

लोकांनी दिलेल्या पैशांतून नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. स्वतःच्या कुटुंबाला मात्र या संस्थांतून काही घेऊ दिले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांची प्राणज्योत मालवली.

त्याच्या जेमतेम सात आठवडे आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांच्या सीमा बदलल्या होत्या. तोवर अमरावती आणि सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील सौंसर, पांढुर्णा, मोहगाव ही मराठीभाषक गावे एकाच प्रांतात नांदत होती. पुनर्रचनेनंतर अमरावती मुंबई राज्यात गेली, ही गावे मध्य प्रदेशात राहिली. गाडगेबाबांच्या बोलीशी मोहगावची बोली जवळची. मोहाच्या फुलांची दारूही त्या डोंगरपट्ट्याला नवी नाही. काजूची फेणी ज्यांच्या सणासमारंभांत आहे, त्या गोमंतकीयांना मोहगावच्या घरांतील दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

कीर्तनकार दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जाई; पिणारा मात्र त्याच गल्लीत, त्याच सोबत्यांत उरे. ही उणीव दर आठवड्याला भरणारी सभाच भरून काढू शकते. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी एक शेअरदलाल आणि एक शल्यचिकित्सक अशा दोन मद्यपींच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ सुरू झाली. तिच्या सभेत शुल्क नसते, आडनाव सांगावे लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानेही व्यसनींच्या परस्परसंवादाला उपचारांत स्थान दिले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा गोव्यातही भरतात. बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात उपचार मिळतात, तेथील डॉक्टरांकडे सभेची चौकशीही करता येते.

पिणाऱ्याच्या पत्नीसाठी, आईवडिलांसाठी अल-अ‍ॅनॉन आणि किशोरवयीन मुलांसाठी अ‍ॅलटीन असे वेगळे गट असतात. झिंगराजींना असे कोणी भेटले नाही. सखूबाईंना भावाच्या दारापलीकडे आधार नव्हता. आठ वर्षांच्या डेबूजीने ती पोकळी सोसली आणि पुढे आयुष्यभर गावोगावी माणसे जमवली. आज दारूमुळे घर मोडत असेल, तर जमलेली माणसे कोठे आहेत हे विचारण्यात कमीपणा मानू नये.