सावतोबांचा मळा



आपली दिंडी शंभर वर्षं चालली. पण आपल्या कल्याण-ठाण्याकडच्या माणसाला दर साली एक अडचण येतेच. वारीचे दिवस आणि भाताच्या आवणीचे दिवस एकच. घरातला एक जण चालायला जातो, दुसऱ्याला मागं राहून शेत, गुरं, परसातली भाजी बघावी लागते. त्या मागं राहणाऱ्याची वारी होते का? सावता महाराजांचं चरित्र बघा.

महाराजांचा जन्म शके ११७२, म्हणजे सन १२५० चा. गाव अरण, सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात. आजोबा दैवू माळी पंढरीचे वारकरी. वडील परसोबा, आई नांगिताबाई. बायको जनाबाई भेंड गावची. वयानं महाराज ज्ञानेश्वर माऊलींपेक्षा पंचवीस वर्षांनी वडील.

धंदा माळ्याचा. मोट हाकायची, दारं धरायचं, वाफे खुरपायचे, भाजी काढायची. हात कामात आणि मुखी नाम. अरणहून पंढरी लांब नाही, तरी महाराज मळा सोडून गेले नाहीत असं सांगतात. मुळा-कांद्यात, कोथिंबिरीच्या जुडीत, मोटेच्या दोरीत त्यांना विठ्ठलच दिसला. त्यांचे अभंग काशिबा गुरवानं लिहून ठेवले, म्हणून आज सदतीस आपल्या हाती आहेत.

संतचरित्रात गोष्ट येते. पांडुरंग, ज्ञानदेव आणि नामदेव कूर्मदासाच्या भेटीला निघाले. वाटेत देव मळ्यात शिरला आणि लपायला जागा मागू लागला. सावतोबांनी खुरप्यानं पोट चिरलं आणि देवाला आत घेतलं. हत्यार तेच, रोज तण काढायचं.

आषाढ वद्य चतुर्दशीला, शके १२१७, सन १२९५ मध्ये महाराज मळ्यातच समाधिस्थ झाले. वय पंचेचाळीस. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात, पण अरणला पांडुरंगाचीच पालखी भेटीला येते.

आता आपल्याकडं शेतं गेली, इमारती उठल्या. म्हणून मळा संपला असं नाही. परसात जागा असेल तर पहिल्या पावसाला दुधी, घोसाळी, काकडी लावावी आणि वर मांडव घालावा. आळं उंच ठेवावं, पाणी साचलं की मूळ कुजतं. शेणखत जुनं, कुजलेलं घ्यावं. माव्यावर चुलीची राख टाकावी. डोंबिवलीत गॅलरीच असेल तर डब्याला खाली भोकं पाडून मेथी, कोथिंबीर पेरावी. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला घालावं. पहिली भाजी देवाच्या नैवेद्याला, दुसरी शेजाऱ्याला.

ज्या म्हाताऱ्या आईला, लेकुरवाळ्या सुनेला दिंडीत येता येत नाही, तिनं मन खट्टू करू नये. तांब्याभर पाणी घालताना एकदा विठ्ठल म्हणावं. दिंडी चालते ती अशी घरं सांभाळणाऱ्यांच्या जिवावर. त्यांची वारी घरीच पोचती होते, सावतोबांची झाली तशी.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!