दोन बास, हात एकच

गॅदरिंगच्या बँडमध्ये गिटारला तिघं उभे राहिले, म्हणून बास गिटार माझ्या गळ्यात पडली. आवाज नुसता गढूळ! दोष अर्थातच सेकंडहँड गिटारला दिला. नवीन पिकअपसाठी पैसेही जमवले. तेवढ्यात मेटॅलिकाच्या क्लिफ बर्टनविषयी वाचलं.

जन्म १९६२, कॅलिफोर्निया. १९७५ मध्ये मोठा भाऊ गेला आणि त्यानंतर या पोरानं बास मनावर घेतली. रोज चार-चार, सहा-सहा तास रियाज. १९८२ च्या अखेरीस तो मेटॅलिकात आला, तेही बँडने लॉस एंजेलिस सोडून सॅन फ्रान्सिस्कोकडे यायचं, या अटीवर!

पहिल्या अल्बमच्या वेळी (१९८३) हातात रिकनबॅकर ४००१ होती. तिचे मूळचे पिकअप बदलून त्याने दुसऱ्या कंपन्यांचे बसवले होते. आपल्या मिनी प्रोजेक्टसारखा जुगाडच म्हणा ना! पुढे आली आरिया प्रो टू एसबी-१०००. एकच हंबकर पिकअप, ॲक्टिव्ह सर्किट, टोन बदलायला सहा टप्प्यांचा रोटरी स्विच. सर्किट पार वेगळं, पण ऐकलं की कळतं, माणूस तोच. पिक नाही, नुसती बोटं.

२७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि तो गेला. वय अवघं २४, मागे तीन अल्बम.

पिकअपचे पैसे अजून तसेच आहेत. सध्या रोज तासभर मेट्रोनोम लावून बसतो. निम्मा गढूळपणा बोटांचाच निघाला, राव!