उंचीचे गणित सोडविणारा अभियंता : फझलूर रहमान खान

शिकागो शहराच्या आकाशरेषेवर नजर टाकली की ती दोन काळ्या मनोऱ्यांवर हटकून खिळते. एकाच्या अंगावर तळापासून माथ्यापर्यंत तिरक्या पट्ट्यांच्या प्रचंड फुल्या आहेत. दुसरा मनोरा पाहताना नऊ चौकोनी नळ्यांची मोळी उभी बांधल्याचा भास होतो आणि वर जाता जाता त्यातील एकेक नळी मागे पडत जाते. पहिला जॉन हॅनकॉक सेंटर, दुसरा सिअर्स टॉवर. गगनचुंबी इमारतींच्या इतिहासाला वळण देणाऱ्या या दोन्ही वास्तूंचा सांगाडा ज्याच्या बुद्धीतून साकारला तो अभियंता मात्र अशा शहरात जन्मला होता, जिथे त्या काळी उंच इमारत औषधालाही नव्हती. त्याचे नाव फझलूर रहमान खान.

खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाक्यात झाला. वडील अब्दुर रहमान खान हे गणिताचे शिक्षक, पाठ्यपुस्तकांचे लेखक आणि पुढे शिक्षण खात्यातील मोठे अधिकारी. घरात पुस्तकांचा आणि शिस्तीचा वावर होता. पदार्थविज्ञान शिकावे की अभियांत्रिकी, असा प्रश्न तरुण फझलूरपुढे उभा राहिला, तेव्हा वडिलांनी अभियांत्रिकीच्या बाजूने कौल दिला. या अभ्यासक्रमात कष्ट आणि नियमितपणा टाळता येत नाही, हे त्यामागचे कारण होते. कोलकात्याजवळच्या शिबपूर येथील बंगाल इंजिनीअरिंग कॉलेजात त्यांचे शिक्षण सुरू झाले. पण तो काळ फाळणीचा आणि दंगलींचा होता. अखेर ढाक्याला परतून अहसानउल्ला अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी पदवी पूर्ण केली, तीही पहिल्या क्रमांकाने.

१९५२मध्ये फुलब्राइट आणि पाकिस्तान सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात दाखल झाले. अवघ्या तीन वर्षांत त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट मिळविली. १९५५मध्ये शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या विख्यात संस्थेत ते रुजू झाले. मायदेशाची ओढ मात्र सुटली नव्हती. १९५७मध्ये ते परतले आणि कराचीच्या विकास प्राधिकरणात त्यांनी नोकरी धरली. तिथे कागदपत्रे आणि प्रशासन यांतच दिवस जाऊ लागले. रचनेच्या कामाला वाव मिळेना. १९६०मध्ये त्यांनी पुन्हा शिकागो गाठले. पुढील दोन दशकांत जे घडले, त्याने उंच इमारतींचे शास्त्रच बदलून टाकले.

वाऱ्याशी झुंज

इमारतीवर दोन प्रकारचे भार येतात. एक स्वतःच्या वजनाचा आणि आतील माणसा-सामानाचा. तो सरळ खाली जातो. दुसरा वाऱ्याचा; तो आडवा येतो. चार-पाच मजल्यांच्या घराला वाऱ्याची फारशी तमा बाळगावी लागत नाही. उंची वाढली की चित्र पालटते. जमिनीत रोवलेल्या काठीवर सर्वत्र सारखा वारा लागत असेल, तर काठीची उंची दुप्पट होताच तिच्या बुडाशी येणारा वाकविणारा जोर चौपट होतो आणि जाडी तीच राहिली तर शेंड्याचे झुकणे सोळापट होते. म्हणूनच उंच इमारतीत खरा कस लागतो तो वाऱ्यापुढे ताठ उभे राहण्याचा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उंच इमारतींसाठी पोलादी सांगाडा रूढ झाला होता. उभे स्तंभ आणि आडव्या तुळया यांची चौकट इमारतीच्या संपूर्ण अंतरंगात पसरलेली असे. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१मध्ये उभी राहिली ती याच परंपरेतून. पण या पद्धतीत वीस-तीस मजल्यांच्या पुढे वाऱ्यासाठी लागणारे पोलाद बेसुमार वाढत जाई. उंचीसाठी मोजावी लागणारी ही जादा किंमत इतकी भारी होती, की ऐंशी-शंभर मजली इमारत हा व्यवहाराऐवजी प्रतिष्ठेचा विषय बनला होता.

खान यांनी प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला. वाऱ्याला तोंड देणारे बळ इमारतीच्या पोटात विखरून ठेवण्याऐवजी ते बाहेरच्या कडेला नेले तर? बांबू पोकळ असूनही वादळात टिकतो, कारण त्याचे सारे द्रव्य मध्यापासून दूर, कडेला असते. तेवढ्याच द्रव्याची भरीव काठी अधिक बारीक होईल आणि सहज वाकेल. हेच तत्त्व इमारतीला लावायचे, म्हणजे बाहेरचे स्तंभ जवळजवळ उभारायचे, त्यांना खोल तुळयांनी घट्ट जोडायचे आणि चारही भिंतींची मिळून एक नळी बनवायची. शिकागोतील ४३ मजली डेविट-चेस्टनट अपार्टमेंट्स ही या नलिका रचनेची पहिली इमारत. तिच्या बाहेरील काँक्रीटच्या स्तंभांत अंतर आहे केवळ साडेपाच फुटांचे. वाऱ्याचा भार या कवचाने पेलल्यामुळे आतील मांडणीला मोकळीक मिळाली.

यापाठोपाठ आली नळीत नळी ही रचना. बाहेर स्तंभांचे कवच आणि मध्यभागी लिफ्ट-जिन्यांभोवतीच्या काँक्रीटच्या भिंतींचा गाभा, असे दोघे मिळून वारा झेलतात. ह्यूस्टन येथील ५० मजली वन शेल प्लाझा ही इमारत १९७१मध्ये याच पद्धतीने हलक्या काँक्रीटमध्ये उभी राहिली.

फुल्यांचा मनोरा

या नळीतही एक उणीव होती. चारही बाजू स्तंभ आणि तुळयांच्याच असल्याने वाऱ्याचा जोर कोपऱ्यांतील स्तंभांवर अधिक एकवटतो आणि बाजूच्या मधले स्तंभ आपला पुरता वाटा उचलत नाहीत. त्यावरचा उपाय म्हणजे तिरके आधार. खान इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अध्यापनही करीत. तेथील एका जपानी विद्यार्थ्याच्या प्रबंधाला मार्गदर्शन करताना ही कल्पना आकाराला आली आणि वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहॅम यांच्या साथीने ती हॅनकॉक सेंटरमध्ये उतरली. पार्किंग, दुकाने, कचेऱ्या आणि वर निवासी सदनिका असे जणू उभे नगरच होते ते. शंभर मजले, ३४४ मीटर उंची आणि वर निमुळता होत जाणारा आकार. तिरक्या पट्ट्या सर्व स्तंभांना एकत्र बांधून भार वाटून देतात. परिणाम असा, की एम्पायर स्टेटमध्ये दर चौरस मीटर क्षेत्राला सुमारे २०६ किलो पोलाद लागले होते, तिथे हॅनकॉकमध्ये १४५ किलो पुरले.

वाट सोपी नव्हती. १९६६मध्ये काम सुरू असताना एक स्तंभ सुमारे इंचभर खचल्याचे आढळले. तपासात पायाच्या काँक्रीटमध्ये पोकळी निघाली. काम काही महिने थांबले, पायाचे खांब एकेक करून तपासावे लागले आणि मूळ विकसकाला प्रकल्पावर पाणी सोडावे लागले. दोष पायाच्या बांधकामातला होता, संकल्पनेतला नव्हता. पण नव्या रचनेवर बोट ठेवायला टीकाकारांना तेवढे निमित्त पुरले असते. हॅनकॉक १९६९मध्ये दिमाखात उभे राहिले.

इमारत पडणार नाही एवढे पुरेसे नाही, तीत राहणाऱ्याला भोवळही येता कामा नये, हे खान ओळखून होते. माणसाला किती हालचाल जाणवते याचा अंदाज घेण्यासाठी त्यांनी शिकागोच्या विज्ञान संग्रहालयातील एका फिरत्या प्रदर्शन-मंचावर माणसे बसवून प्रयोग केले होते. गणिताच्या शेवटी माणूस आहे, याचा विसर त्यांना कधी पडला नाही.

सिअर्स टॉवरमध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. ग्रॅहॅम यांनी सिगारेटची जुडी हातात धरून कल्पना समजावली, अशी आठवण सांगितली जाते. सुमारे २३ मीटर बाजूच्या नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना चिकटवल्या की मधल्या सामाईक भिंती दोन बाजूंना सांधतात आणि भाराची वाटणी समान होते. दोन नळ्या पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, आणखी दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या. उरलेल्या दोनच ११०व्या मजल्यापर्यंत पोहोचतात. ४४२ मीटर उंचीचा हा मनोरा १९७३मध्ये जगातील सर्वांत उंच इमारत ठरला आणि १९९८पर्यंत तो मान त्याच्याकडे राहिला. २००९मध्ये त्याचे नाव विलिस टॉवर झाले.

किती मजल्यांसाठी कोणती रचना किफायतशीर, याचे कोष्टकही खान यांनी मांडले. साधी चौकट, गाभ्याची साथ असलेली चौकट, नळी, तिरक्या आधारांची नळी, नळ्यांची मोळी अशी ती चढती भाजणी होती. उंचीनुसार रचना बदलावी लागते, हा विचार आज प्रत्येक विद्यार्थी प्राथमिक धडा म्हणून शिकतो.

मातीशी नाते

१९६७मध्ये खान अमेरिकेचे नागरिक झाले, तरी बंगाल त्यांच्या मनातून गेला नाही. रवींद्रसंगीत हा त्यांचा विसावा होता. १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानात रक्तपात सुरू झाला, तेव्हा सिअर्स टॉवरचे काम ऐन भरात होते. अशा वेळी त्यांनी शिकागोत दोन संघटना उभारल्या. एक पीडितांसाठी मदत जमवी, दुसरी बांगलादेशाच्या बाजूने लोकमत घडवी. शांतपणे हिशेब मांडणारा हा अभियंता त्या वर्षी जाहीरपणे एका राष्ट्राच्या जन्मासाठी उभा राहिला.

उंचीखेरीजही त्यांची प्रतिभा रमली. जेद्दाच्या विमानतळावरील हज टर्मिनलसाठी त्यांनी पोलादी दोरांवर ताणलेले २१० तंबू योजले. टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या कापडाचा एकेक तंबू सुमारे ४५ मीटर चौरस आहे. वाळवंटी उन्हात लाखो यात्रेकरूंना यंत्राविना सावली आणि वारा मिळावा, ही त्यामागील दृष्टी. १९८१मध्ये हे काम पुरे झाले.

पुढच्याच वर्षी, २७ मार्च १९८२ रोजी, त्याच जेद्दा शहरात हृदयविकाराच्या झटक्याने खान यांचे निधन झाले. त्रेपन्नावा वाढदिवस अवघ्या आठवड्यावर होता. शिकागोच्या ग्रेसलँड स्मशानभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. हज टर्मिनलला १९८३मध्ये आगाखान पुरस्कार लाभला. बांगलादेशाने १९९९मध्ये त्यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार देऊन गौरविले. कन्या यास्मिन यांनीही हाच पेशा पत्करला आणि २००४मध्ये पित्याच्या कार्यावर ग्रंथ लिहिला.

आज दुबईच्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफापर्यंत मजल गेली आहे. त्या मनोऱ्याची रचना निराळी असली, तरी बळ कुठे ठेवावे याचा जो विचार खान यांनी शिकविला तो तिच्याही मुळाशी आहे. तंत्रज्ञाने आपल्या तंत्रात हरवून जाऊ नये, कला, संगीत आणि माणसे यांत जीवन आहे, अशी त्यांची धारणा होती. सिअर्स टॉवरच्या पायथ्याशी शिकागोने एका चौकाला त्यांचे नाव दिले आहे. तिथे थांबून वर पाहणाऱ्याला मनोरा दिसतो. तो तोलून धरणारा विचार ज्याचा होता, त्याचे नाव मात्र खाली, वाटसरूच्या नजरेच्या उंचीवर कोरलेले आहे.