विल्यम चेसल्डन : आंधळ्या मुलाला जग दाखवणारे शल्यवैद्य

मोतीबिंदू म्हटलं की म्हातारी माणसंच आठवतात. पण काही बाळं मोतीबिंदू घेऊनच जन्माला येतात. अशाच एका मुलाच्या ऑपरेशनमुळे लंडनचे विल्यम चेसल्डन यांचं नाव आजही घेतलं जातं.

चेसल्डन यांचा जन्म 1688 चा, इंग्लंडमधल्या लेस्टरशायरच्या सोमर्बी गावचा. लंडनला येऊन ते शल्यवैद्य झाले. 1713 मध्ये त्यांनी शरीररचनेवर पुस्तक लिहिलं, तेही लॅटिनऐवजी साध्या इंग्रजीत. त्या काळी भूल देणं नव्हतं. त्यामुळे हात जितका चपळ, तितका रुग्णाचा त्रास कमी. मूतखड्याचं ऑपरेशन ते मिनिटभरात उरकत, अशी त्यांची ख्याती होती.

1728 मध्ये त्यांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीगत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली. मुलाला उजेड-अंधार कळायचा, भडक रंग ओळखू यायचे, बाकी काही नाही. चेसल्डन यांनी सुईने मोतीबिंदू बाजूला सारला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही सुईनेच मोतीबिंदू काढण्याची रीत सांगितली आहे.

उजेड आत गेला, पण मुलाला लगेच काही उमगेना. समोरची प्रत्येक वस्तू डोळ्यालाच चिकटली आहे, असं त्याला वाटायचं. मांजर कुठलं नि कुत्रं कुठलं, हे हात लावल्याशिवाय समजेना. भिंतीवरची चित्रं म्हणजे नुसते रंगाचे पट्टे! चित्रात माणसं आणि वस्तू असतात हे कळायला त्याला दोन महिने लागले. वर्षभराने दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं.

पुढे 1745 मध्ये शल्यवैद्यांची संघटना नाभिकांच्या संघटनेपासून वेगळी झाली, त्यातही चेसल्डन यांचा वाटा होता. 10 एप्रिल 1752 रोजी बाथ शहरात त्यांचं निधन झालं.

त्या मुलाला जे अवघड गेलं, त्याचं कारण आज माहीत आहे. बघायचं काम नुसत्या डोळ्याचं नाही, मेंदूचंही आहे. मेंदू हे जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत शिकतो. तेव्हा चित्र धूसर गेलं तर डोळा आळशी होतो आणि उशिरा केलेलं ऑपरेशन अर्धंच फळतं. म्हणून बाळाचा मोतीबिंदू दाट असेल तर साधारण सहा ते आठ आठवड्यांतच ऑपरेशन करावं, असं डॉक्टर सांगतात. त्यानंतर चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स, एकाच डोळ्याला असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, आणि काचबिंदूचा धोका असल्याने वर्षानुवर्षं तपासणी लागते. उशीर झालेल्या मुलांनाही फायदा होतो, हे दिल्लीत झालेल्या ऑपरेशनांतून दिसलं आहे. पण वेळेत झालेल्याची सर त्याला येत नाही.

बाळाच्या बाहुलीत पांढरट डाग दिसला, ते आईच्या तोंडाकडे टक लावून बघत नसलं किंवा त्याचे डोळे सारखे हलत असले, तर मोठं झाल्यावर बघू म्हणून थांबू नये. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं.