संत मत्तयाचें पाचारण रंगविणारा चित्रकार

रोम शहरीं फ्रेंच लोकांचें, संत लुईस राजाच्या नांवाचें एक देऊळ आहे. त्यांतील एका लहान चॅपलच्या डाव्या भिंतीवर सुमारें अकरा फूट उंचीरुंदीचें एक तैलचित्र आहे. प्रभु येशूनें जकातदार मत्तयास केलेलें पाचारण हा त्याचा विषय. ज्यानें तें रंगविलें तो पुढें सहा वर्षांच्या आंत खुनी ठरला. अशा मनुष्याचें चरित्र देवळाच्या स्मरणग्रंथांत कां, असें कोणी विचारील. म्हणून तें आम्ही आडपडदा न ठेवितां सांगतों.

मिकेलांजेलो मेरिसी हें त्याचें नांव. कारावाज्जो हें लोंबार्दी प्रांतांतील त्याच्या घराण्याचें गांव, व त्याच नांवानें तो प्रसिद्ध आहे. ३० सप्टेंबर १५७१ रोजीं मिलान येथें त्याचा स्नानसंस्कार झाला. प्लेगच्या सांथींत बाळपणींच पितृछत्र हरपलें. मिलानमध्यें विद्या शिकून तो रोमला आला, आणि कांहीं काळ हालअपेष्टांत काढल्यावर कार्डिनल देल मोंते ह्यांनीं त्याला आश्रय दिला.

मत्तेओ कोंतारेल्ली नांवाचे कार्डिनल १५८५ सालीं वारले. आपल्या नांवाच्या संताचें चरित्र त्या चॅपलांत चितारलें जावें म्हणून त्यांनीं द्रव्य ठेविलें होतें. पण काम वर्षानुवर्षें रेंगाळलें. अखेर जुलै १५९९ मध्यें कारावाज्जोशीं करार झाला. दोन भिंतींचीं दोन चित्रें, मोबदला चारशें स्कुदी. सन १६०० ह्या पवित्र ज्युबिली वर्षांत तीं चित्रें भिंतींवर चढलीं.

चित्रांतला जकातनाका म्हणजे एक उघडीबोडकी खोली. मेजाभोवतीं पांच जण बसले आहेत. पोषाख प्रभूच्या काळचा नव्हे, चित्रकाराच्या काळचा, पिसांच्या टोप्यांसकट. उजवीकडून प्रभु अनवाणी आंत आले आहेत. पुढें संत पेत्र उभे असल्यानें प्रभूचें मुख, हात व पाउलें एवढींच काय तीं दिसतात. (क्ष-किरणांनीं पाहतां पेत्र मागाहून घातल्याचें आढळलें आहे.) प्रभूचा पुढें केलेला हात सिस्तीन चॅपलांतील आदामाच्या हाताची आठवण देतो. भिंतीस खिडकी आहे, पण तिच्यांतून उजेड येत नाहीं. उजेड येतो तो प्रभूच्या मस्तकावरून, वेदीच्या दिशेनें. दाढीवाला इसम छातीकडे बोट करून जणूं विचारतो कीं, मला काय? कोणी म्हणतात, मत्तय तो नव्हे, कडेला मान घालून बसलेला तरुण होय. आम्हांस हें पटत नाहीं, कारण चॅपलांतील इतर चित्रांतला संतही असाच दाढीवाला आहे. मात्र तो तरुण व चष्मेवाला म्हातारा, ह्या दोघांची नजर नाण्यांवरून हलत नाहीं, हें आम्हांस फार लागतें.

ह्या चित्रानें कीर्ति झाली. स्वभाव सुधारला नाहीं. १६०४ सालीं खाणावळींतील पोऱ्याच्या तोंडावर त्यानें भाजीची थाळी फेकली, अशी फिर्याद नोंदलेली आहे. २८ मे १६०६ रोजीं झालेल्या मारामारींत त्याच्या तरवारीनें रानुच्च्यो तोमास्सोनी मेला. देहान्तशासनाचें फर्मान निघालें, व तो नेपल्सला पळाला. तेथून माल्टा. जुलै १६०८ मध्यें माल्टाच्या सरदारसंघानें त्याला आपल्यांत घेतलें. तेथें त्यानें योहान बाप्तिस्ताचा शिरच्छेद रंगविला आणि संताच्या वाहत्या रक्तांत आपली सही केली. दुसऱ्या कोणत्याही चित्रावर त्याची सही नाहीं. पण थोड्याच महिन्यांत पुन्हां दंगा, बंदिवास आणि पलायन. डिसेंबरांत संघानें त्याला बहिष्कृत केलें, तेंही तें चित्र असलेल्या सभागृहांतच.

पुढें सिसिली, पुन्हां नेपल्स. तेथें मारेकऱ्यांनीं त्याचा चेहरा फाडला. त्याच्या उत्तरकाळांतील एका चित्रांत दाविदाच्या हातीं गल्याथाचें तुटलेलें मस्तक आहे, आणि त्या मस्तकास त्यानें आपलाच चेहरा दिला आहे. आमच्या मतें हा त्याचा पापांगीकार होय. असा अंगीकार रंगांनीं करणारा दुसरा चित्रकार आम्हांस ठाऊक नाहीं.

पोप पांचवे पॉल ह्यांची क्षमा मिळण्याचा योग आला, तेव्हां १६१० च्या उन्हाळ्यांत तो कांहीं चित्रें घेऊन नौकेनें रोमकडे निघाला. रोमला तो पोंचला नाहीं. १८ जुलै रोजीं पोर्तो एर्कोले ह्या बंदरीं, अडतिसाव्या वर्षीं, त्यानें देह ठेविला. मत्तयाच्या पाचारणाचें चित्र अद्याप त्याच चॅपलांत, वेदीच्या डाव्या हातास आहे.