आल्डो लिओपोल्ड

आल्डो लिओपोल्ड (११ जानेवारी, १८८७ - २१ एप्रिल, १९४८) हे अमेरिकन वनाधिकारी, परिसंस्थाशास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि लेखक होते. वन्यजीव व्यवस्थापन या विद्याशाखेचे ते एक जनक मानले जातात. विस्कॉन्सिन नदीच्या पूरमैदानातील निकस, वाळूमय जमिनीवर देशी गवते आणि झाडे पुन्हा रुजविण्याचा त्यांचा प्रयत्न विशेष प्रसिद्ध आहे.

== प्रारंभिक जीवन ==
लिओपोल्ड यांचा जन्म आयोवा राज्यातील बर्लिंग्टन या मिसिसिपी नदीकाठच्या गावी झाला. वडिलांबरोबर रानात भटकताना त्यांना निसर्गनिरीक्षणाची गोडी लागली. येल विद्यापीठातून १९०९ साली वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन ते अमेरिकेच्या वनसेवेत रुजू झाले. १९१२ साली त्यांचा एस्टेला बर्जेरे यांच्याशी विवाह झाला. या दांपत्याला पाच अपत्ये होती.

== नैर्ऋत्य अमेरिकेतील कार्य ==
अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिको येथे काम करताना अतिचराईमुळे कुरणे उघडी पडून खोऱ्यांतील माती वाहून जात असल्याचे त्यांनी पाहिले. प्रारंभी ते वनक्षेत्रातील कोणत्याही आगीचे कट्टर विरोधक होते. मात्र १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी दक्षिण अ‍ॅरिझोनाविषयी वेगळा निष्कर्ष मांडला. पूर्वी अधूनमधून लागणाऱ्या गवताच्या आगीत झुडपांची रोपे जळून जात आणि गवताचे आच्छादन टिकून राही. गुरांनी गवत संपविल्यावर आगी थांबल्या, झुडपे माजली आणि धूप वाढली. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने न्यू मेक्सिकोतील गिला हे क्षेत्र निर्जन अरण्य म्हणून राखून ठेवण्यात आले.

== विस्कॉन्सिन ==
१९२४ साली लिओपोल्ड मॅडिसन येथे आले. १९३३ साली त्यांचा 'गेम मॅनेजमेंट' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात याच विषयाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. विद्यापीठाच्या वृक्षोद्यानात १९३५ पासून जुन्या चराऊ रानावर 'प्रेअरी' म्हणजे मूळचा गवताळ प्रदेश पुन्हा उभा करण्याचे काम सुरू झाले. त्यात त्यांचा सहभाग होता. १९४० च्या दशकात तेथे नियंत्रित आगीचे प्रयोग झाले. युरोपीय गवत वसंताच्या आरंभीच फुटते, तर प्रेअरीची गवते उशिरा वाढू लागतात. त्यामुळे योग्य वेळी लावलेली आग देशी गवतांच्या पथ्यावर पडते, असे दिसून आले.

== वाळूच्या जमिनीवरील प्रयोग ==
१९३५ साली लिओपोल्ड यांनी बाराबूजवळ सुमारे ८० एकरांचे पडीक शेत विकत घेतले. मक्याच्या पिकांनी कस गेलेल्या या शेतात राहते घर उरले नव्हते. जुन्या खुराड्याची डागडुजी करून कुटुंब सुट्टीच्या दिवशी तेथे राहू लागले. वाळूत पाणी आणि पोषकद्रव्ये टिकत नाहीत. नांगरलेली माती वाऱ्याने उडून जाते. देशी गवतांची खोल मुळे वाळू धरून ठेवतात आणि कुजून तिच्यात सेंद्रिय द्रव्य मिसळतात. लिओपोल्ड कुटुंबाने मक्याच्या जुन्या शेतात प्रेअरीची गवते आणि फुलझाडे लावली, तसेच दर वसंतात पाइनची रोपे लावली. १९३६ च्या दुष्काळात पहिल्या लागवडीतील बहुतेक रोपे जळाली, तरीही लागवड चालू राहिली. वनस्पतींचा बहर, पक्ष्यांचे आगमन अशा ऋतुमानाच्या नोंदीही ते नियमितपणे ठेवत.

== मृत्यू ==
२१ एप्रिल, १९४८ रोजी शेजारच्या शेतात गवताला आग लागली. ती विझविण्यास मदत करताना हृदयविकाराच्या झटक्याने लिओपोल्ड यांचे निधन झाले. बर्लिंग्टन येथे त्यांचे दफन करण्यात आले.

== वारसा ==
मृत्यूच्या काही दिवस आधीच त्यांच्या निबंधसंग्रहाला प्रकाशकाची मान्यता मिळाली होती. तो १९४९ साली 'अ सँड काउंटी अल्मनॅक' या नावाने प्रसिद्ध झाला. शीर्षकातील काउंटी प्रत्यक्षात अस्तित्वात नाही. ते नाव त्या भागातील वाळूमय जमिनीवरून घेतले आहे. माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांच्यासह मनुष्य एकाच समूहाचा घटक असून या समूहाप्रती त्याची नैतिक जबाबदारी आहे, हा 'भूमी-नीती'चा विचार त्यात मांडला आहे. १९८२ साली त्यांच्या अपत्यांनी आल्डो लिओपोल्ड फाउंडेशनची स्थापना केली. त्यांचे शेत आणि खुराड्याचे घर २००९ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाले.